पूर्ण-मजकूर शोधाचा इंडेक्स क्वेरीला केव्हा वापरता येतो

मजकुरातील शब्द शोधण्यासाठी, म्हणजे पूर्ण-मजकूर शोधासाठी, इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) तयार केला, तो डिस्कवर जागा अडवून बसला, प्रत्येक नव्या ओळीबरोबर तो अद्ययावत ठेवण्याचा खर्चही सोसला, आणि तरीही शोधाची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सगळे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चाळतच राहिली, अशी तक्रार पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी इंडेक्समध्ये बहुधा काही दोष नसतो. क्वेरीतील अट आणि इंडेक्सची व्याख्या यांचा मेळ बसलेला नसतो, आणि डेटाबेस तसे बोलून दाखवत नाही. उत्तर बरोबर येते, फक्त उशिरा येते. हा मेळ कसा बसतो, कोठे तुटतो आणि तुटला आहे हे कसे ओळखावे, याचे विवेचन येथे मुख्यतः पोस्टग्रेसच्या आधारे केले आहे. माय-एसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे नियम वेगळे असल्यामुळे ते शेवटी स्वतंत्रपणे दिले आहेत.

लेखातील आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना आज्ञाशब्द आणि फंक्शनांची नावे रोमन लिपीतच द्यावी लागतात. टेबलांची आणि कॉलमांची नावे मात्र पोस्टग्रेसला देवनागरीतही चालतात.

आधी दोन प्रश्न वेगळे करावेत

इंडेक्स वापरता येतो का, हा एक प्रश्न आहे आणि तो वापरणे प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, परवडते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काटेकोर नियमांनी ठरते. दुसऱ्याचे उत्तर टेबलाचा आकार, शब्दाची वारंवारता आणि आकडेवारीचा ताजेपणा यांवरून केलेल्या खर्चाच्या अंदाजाने ठरते. या दोहोंची गल्लत झाली की माणूस क्वेरीत दुरुस्ती हवी असताना सर्व्हरची मेमरी वाढवत बसतो.

दोन्ही प्रश्न वेगळे करण्याची एक सोपी चाचणी आहे. चाचणीच्या सेशनमध्ये ‘सेट एनेबल_सेकस्कॅन = ऑफ’ ही आज्ञा द्यावी आणि तीच क्वेरी ‘एक्स्प्लेन’ (प्लॅनरचा आराखडा दाखवणारी आज्ञा) लावून पुन्हा पाहावी. या आज्ञेने सरसकट वाचन पूर्णपणे बंद होत नाही, केवळ दुसरा मार्ग असेल तर प्लॅनर ते टाळतो. एवढे करूनही आराखड्यात ‘सेक स्कॅन’च, म्हणजे सरसकट वाचनच, दिसत असेल, तर प्लॅनरपुढे दुसरा मार्गच नाही, म्हणजे अडचण पहिल्या प्रश्नातील आहे. आता जर ‘बिटमॅप इंडेक्स स्कॅन’ (इंडेक्समधून वाचन) दिसू लागला, तर इंडेक्स वापरता येत होता, पण प्लॅनरने तो नाकारला होता. ही सेटिंग चालत्या प्रणालीत कायमची ठेवू नये, कारण ती इतर सर्व क्वेरींचेही आराखडे बिघडवते.

नमुन्याचे टेबल

समजा, जुन्या दिवाळी अंकांतील लेखांचा संग्रह ‘लेख’ नावाच्या टेबलात ठेवला आहे, आणि त्यात ‘शीर्षक’, ‘मजकूर’, ‘वर्ष’ आणि ‘स्थिती’ हे कॉलम आहेत. मजकुरात शोध घेण्यासाठी पुढील इंडेक्स केला आहे:

क्रिएट इंडेक्स लेख_शोध ऑन लेख यूझिंग जिन (टू_टीएसव्हेक्टर('सिम्पल', मजकूर));

येथे ‘टू_टीएसव्हेक्टर’ हे फंक्शन मजकुराचे शब्द तोडून त्यांची यादी, म्हणजे टीएसव्हेक्टर, बनवते, आणि ‘सिम्पल’ हे शब्दांवर प्रक्रिया करण्याच्या नियमसंचाचे, म्हणजे संरचनेचे, नाव आहे. जिन हा इंडेक्सचा प्रकार पोस्टग्रेसमध्ये ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून आहे, आणि पूर्ण-मजकूर शोध २००८ मधील ८.३ या आवृत्तीत गाभ्यात आला. त्याआधी तो ‘टीसर्च२’ या जोडणीच्या रूपात वेगळा बसवावा लागे. जिनची रचना पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखी असते: एकेक शब्दरूप आणि त्यापुढे ते ज्या ओळींत येते त्या ओळींचे पत्ते. पुढील बरेचसे नियम या एका रचनेतूनच निघतात, म्हणून ती ध्यानात ठेवावी. सूचीत शब्दरूप आहे आणि पत्ता आहे. शब्द मजकुरात कितव्या स्थानी आला ते नाही, त्याचे वजन (उदा. तो शीर्षकातला की मजकुरातला ही खूण) नाही आणि ओळींचा कोणताही क्रम नाही.

अटीची डावी बाजू

क्वेरीतील अट ‘@@’ या चिन्हाने लिहिलेली असली पाहिजे; त्याच्या डावीकडे टीएसव्हेक्टर आणि उजवीकडे टीएसक्वेरी, म्हणजे शोधाचे शब्द, येतात. ‘मजकूर लाइक '%पाऊस%'’ अशी अट लिहिली तर वरील इंडेक्सचा तिला काहीही उपयोग होत नाही. दोन्हींचा हेतू आपल्याला एकच वाटतो, पण प्लॅनर हेतू पाहत नाही. तो इंडेक्सच्या ऑपरेटर-वर्गात (त्याला चालणाऱ्या चिन्हांच्या यादीत) कोणती चिन्हे आहेत ते पाहतो आणि तेथे ‘लाइक’ नाही.

चिन्ह बरोबर असले तरी डाव्या बाजूची राशी (एक्स्प्रेशन) इंडेक्समधील राशीशी तंतोतंत जुळावी लागते. ‘टू_टीएसव्हेक्टर(मजकूर) @@ टू_टीएसक्वेरी('सिम्पल', 'पाऊस')’ ही अट दिसायला योग्य आहे, पण तिला इंडेक्स मिळणार नाही, कारण येथे फंक्शनला एकच मूल्य दिले आहे. एका मूल्याचे रूप ‘डिफॉल्ट_टेक्स्ट_सर्च_कॉन्फिग’ या सेटिंगवर अवलंबून असते आणि ती सेटिंग प्रत्येक सेशनमध्ये बदलू शकते. ज्याचे उत्तर असे बदलू शकते ते इंडेक्समध्ये साठवणे धोक्याचे असल्यामुळे पोस्टग्रेस एका मूल्याच्या रूपावर इंडेक्स करूच देत नाही. म्हणून इंडेक्स नेहमी दोन मूल्यांच्या रूपावर असतो आणि क्वेरीतही तेच रूप, त्याच संरचनेच्या नावासह, लिहावे लागते. सेशनची सेटिंग ‘सिम्पल’ असली आणि दोन्हींचे उत्तर अक्षरशः सारखेच येणार असले, तरीही प्लॅनर ते जुळले असे मानत नाही.

याहून फसवे रूप म्हणजे ‘मजकूर @@ टू_टीएसक्वेरी('सिम्पल', 'पाऊस')’. पोस्टग्रेस ही अट स्वीकारतो, कारण ‘@@’च्या डावीकडे साधा मजकूर लिहिण्याची सोय त्यात आहे. पण त्याचा अर्थ एका मूल्याच्या रूपासारखाच होतो, आणि इंडेक्स बाजूला राहतो.

दोन कॉलम एकत्र करून इंडेक्स केला की चुकण्याच्या जागा वाढतात. शीर्षक रिकामे, म्हणजे ‘नल’, असू शकते असे धरले तर इंडेक्सची राशी ‘टू_टीएसव्हेक्टर('सिम्पल', कोअलेस(शीर्षक, '') || ' ' || कोअलेस(मजकूर, ''))’ अशी लिहावी लागते. ‘कोअलेस’ (‘नल’ऐवजी दिलेले मूल्य घेणारे फंक्शन) वगळले तर शीर्षक नसलेल्या ओळीची सगळी राशीच ‘नल’ होते आणि तो लेख कोणत्याही शोधात कधीच सापडत नाही. आता क्वेरीतही हीच राशी, कॉलमांच्या याच क्रमाने आणि मधल्या त्याच जागेसह, यावी लागते. अक्षरांमधील मोकळ्या जागा, ओळ कोठे मोडली किंवा टेबलाला दिलेले टोपणनाव यांनी फरक पडत नाही, कारण तुलना अक्षरांची नसून विश्लेषण झालेल्या राशीची होते. पण मजकूर आधी आणि शीर्षक नंतर लिहिले तर ती वेगळी राशी ठरते. हे सोपे करण्यासाठी ‘कॉन्कॅट_डब्ल्यूएस’ हे फंक्शन इंडेक्समध्ये वापरावेसे वाटते, पण पोस्टग्रेस त्याला अपरिवर्तनीय (त्याच मूल्यांना नेहमी तेच उत्तर देणारे) मानत नाही आणि इंडेक्स करण्यास नकार देतो.

क्वेरी स्वतः न लिहिता फ्रेमवर्ककडून तयार होत असेल तर फ्रेमवर्कने नेमके काय लिहिले ते पाहिल्याशिवाय तर्क करू नये. जँगो या पायथन फ्रेमवर्कचे ‘सर्चव्हेक्टर’ स्वतःहून ‘कोअलेस’ घालते. तुमच्या इंडेक्समध्ये तो नसेल तर दोन्हींचा मेळ बसत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये हळू चाललेल्या क्वेरी नोंदवण्याची सोय आहे. तेथून खरी क्वेरी उचलावी आणि तिलाच ‘एक्स्प्लेन’ लावावे. संरचनेचे नाव पॅरामीटर म्हणून पाठवण्याचीही काही ड्रायव्हरांना सवय असते. पॅरामीटरचे मूल्य प्लॅन करताना ठाऊक नसेल तर ते ‘सिम्पल’च आहे हे प्लॅनरला सिद्ध करता येत नाही, म्हणून ते नाव क्वेरीतच लिहिलेले असावे; शोधाचे शब्द तेवढे पॅरामीटर असावेत.

स्वतंत्र कॉलम: बहुतेकांसाठी हाच मार्ग

राशी जुळवण्याची ही कसरत टाळायची असेल तर टीएसव्हेक्टर एका स्वतंत्र कॉलममध्ये साठवावा. पोस्टग्रेस १२ पासून, म्हणजे २०१९ पासून, कॉलमची व्याख्या करतानाच ‘जनरेटेड ऑल्वेज ॲझ (…) स्टोअर्ड’ असे लिहून हे करता येते. त्याआधी त्यासाठी ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) लिहावा लागे. या कॉलमला ‘शोध’ असे नाव दिले आणि त्यावर जिन इंडेक्स केला की क्वेरीतील अट ‘शोध @@ टू_टीएसक्वेरी('सिम्पल', 'पाऊस')’ एवढीच राहते आणि चुकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

याचा दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा आहे. राशीवरील इंडेक्स वापरताना सापडलेल्या ओळीची फेरतपासणी करावी लागली किंवा तिला गुण (शोधाशी ती किती जुळते याचा आकडा) द्यावे लागले, तर पोस्टग्रेसला त्या ओळीचा सगळा मजकूर पुन्हा वाचून, शब्द पुन्हा तोडून टीएसव्हेक्टर नव्याने बनवावा लागतो. लेख लांबलचक असतील तर हा खर्च शोधापेक्षाही जास्त होतो. साठवलेल्या कॉलममुळे तो वाचतो. बदल्यात जागा जास्त लागते, आणि चालू टेबलात असा कॉलम नव्याने घालताना सगळे टेबल पुन्हा लिहिले जाते व तेवढा वेळ ते पूर्णपणे कुलूपबंद राहते. म्हणून मोठ्या टेबलावर हे काम दुपारी बाराला करू नये.

अटीची उजवी बाजू

उजव्या बाजूस पोस्टग्रेस बराच उदार आहे. तेथे थेट लिहिलेले मूल्य, पॅरामीटर, ‘प्लेनटू_टीएसक्वेरी’ किंवा ‘वेबसर्च_टू_टीएसक्वेरी’ यांसारखे फंक्शन, इतकेच नव्हे तर जोडलेल्या दुसऱ्या टेबलातील कॉलमही चालतो. दुसऱ्या टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी इंडेक्समध्ये एकदा शोध घेतला जातो. जे चालत नाही ते म्हणजे त्याच ओळीतील दुसरा कॉलम, किंवा दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकणारे फंक्शन. इंडेक्समध्ये शिरण्यापूर्वी काय शोधायचे ते निश्चित असले पाहिजे, हे त्यामागील कारण आहे.

उजवीकडील संरचनेचे नाव डावीकडल्यापेक्षा वेगळे असले तरी इंडेक्स वापरला जातो, आणि म्हणूनच ती चूक अधिक वाईट आहे. डावीकडे ‘सिम्पल’ आणि उजवीकडे ‘इंग्लिश’ असेल तर इंग्रजी शब्दांचे उजवीकडे मूळ रूप काढले जाईल, डावीकडे मात्र शब्द जसेच्या तसे साठवलेले असतील, आणि क्वेरी अतिशय वेगाने शून्य ओळी परत करील. शोधलेले सगळे शब्द त्या संरचनेच्या वगळशब्दांतच (शोधात न धरल्या जाणाऱ्या सामान्य शब्दांत) मोडत असतील तर टीएसक्वेरी रिकामी होते. तेव्हाही एकही ओळ मिळत नाही, फक्त सूचना म्हणून एक संदेश येतो आणि तो ॲप्लिकेशनमध्ये सहसा कोणी पाहत नाही.

कोणत्या प्रकारचा शोध इंडेक्सला झेपतो

पूर्ण शब्द आणि शब्दांची ‘&’ व ‘|’ यांनी केलेली जोडणी यांसाठी जिन उत्तम आहे. शब्दाच्या आरंभावरून शोध, म्हणजे ‘पाव:*’ असे लिहिले की ‘पावसाळा’, ‘पावसात’ हे सापडणे, हेही इंडेक्सला जमते, कारण शब्दरूपे क्रमाने लावलेली असतात. शब्दाच्या शेवटावरून किंवा मधल्या भागावरून शोध मात्र जमत नाही. त्यासाठी ‘पीजी_टीआरजीएम’ या विस्ताराचा वेगळा जिन इंडेक्स करावा लागतो. तो तीन-तीन अक्षरचिन्हांचे तुकडे साठवतो आणि पोस्टग्रेस ९.१ पासून ‘लाइक’ व ‘आयलाइक’ या अटींनाही उपयोगी पडतो. मात्र ‘%’ या चिन्हांच्या मध्ये तीनपेक्षा कमी चिन्हे असतील तर त्यातून एकही तुकडा निघत नाही आणि सगळा इंडेक्स वाचण्याची वेळ येते. देवनागरीत मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, त्यामुळे ‘शाळा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसला तरी डेटाबेसच्या हिशेबी चार चिन्हांचा आहे.

नुसता नकार, म्हणजे ‘!पाऊस’ एवढीच अट, शब्दसूचीतून सोडवता येत नाही. ज्या ओळींत शब्द नाही त्यांचे पत्ते त्या शब्दापुढे कसे असणार? तशा वेळी सगळा इंडेक्स आणि नंतर जवळजवळ सगळे टेबल वाचावे लागते, म्हणून प्लॅनर बहुधा थेट टेबलच वाचतो आणि ते योग्यच असते. ‘पूर & !पाऊस’ अशा जोडणीत मात्र अडचण येत नाही, कारण ‘पूर’ या शब्दाने ओळी आधीच मर्यादित होतात.

लागोपाठ येणाऱ्या शब्दांचा शोध, जो ‘<->’ या चिन्हाने ९.६ पासून करता येतो, आणि शीर्षकातच शब्द असावा अशी वजनाची अट, हे दोन्ही इंडेक्सने अर्धवट सुटतात. दोन्ही शब्द ज्या ओळींत आहेत त्या इंडेक्स शोधून देतो. ते लागोपाठ आहेत की नाहीत हे ओळ उघडून तपासावे लागते. आराखड्यात ‘रोज रिमूव्ह्ड बाय इंडेक्स रीचेक’ असा मोठा आकडा दिसतो तो बहुधा यामुळे. ‘हीप ब्लॉक्स’ या ओळीत ‘लॉसी’ असे लिहून आले तर कारण वेगळे असते: पत्त्यांची यादी ‘वर्क_मेम’ या मेमरीच्या मर्यादेत मावली नाही म्हणून पोस्टग्रेसने ओळींऐवजी पानेच (टेबलाचे मोठे तुकडेच) लक्षात ठेवली. तेव्हा मात्र मेमरी वाढवणे हा खरा उपाय आहे.

मराठी मजकुराची खास अडचण

पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या संरचनांत हिंदी १४ या आवृत्तीपासून आहे, नेपाळी आणि तमिळ १२ पासून आहेत, मराठी नाही. म्हणून मराठीसाठी ‘सिम्पल’ वापरावे लागते, आणि ‘सिम्पल’ला विभक्ती कळत नाही. ‘रस्ता’, ‘रस्त्यावर’ आणि ‘रस्त्याला’ हे त्याच्या लेखी तीन निराळे शब्द आहेत. हिंदीची संरचना चालवून पाहण्याचा मोह होतो, पण तिचे नियम हिंदी प्रत्ययांचे आहेत. मराठी शब्दांची शेपटे ती कोठे कापील याचा भरवसा नाही, म्हणून मी ती सुचवणार नाही.

त्यापेक्षा आरंभावरून शोध हा चालण्यासारखा उपाय आहे, मात्र मूळ शब्द पूर्ण न देता सामान्यरूपात टिकून राहणारा भाग द्यावा: ‘रस्ता:*’ याने ‘रस्त्यावर’ सापडत नाही, ‘रस्त:*’ याने सापडतो, ‘शाळ:*’ याने ‘शाळा’ आणि ‘शाळेत’ दोन्ही येतात. आरंभ जितका आखूड तितकी अधिक शब्दरूपे इंडेक्समधून गोळा करावी लागतात आणि ‘शाल’ शोधताना ‘शालीन’ही येतो, एवढी किंमत मोजावी लागते.

‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र दोन रीतींनी टंकलेला आढळतो: एक स्वतंत्र ‘ऱ’ वापरून आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, इंडेक्समध्ये ती दोन वेगळी शब्दरूपे होतात. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ही दोन एक होत नाहीत, म्हणून स्वतंत्र कॉलमच्या व्याख्येत ‘रिप्लेस’ वापरून एकच रूप ठरवावे आणि शोधाचा शब्दही त्याच फंक्शनातून न्यावा. डेटाबेस शब्द कसे तोडतो आहे याची शंका आली तर ‘टीएस_डीबग’ हे फंक्शन एखाद्या वाक्यावर चालवून प्रत्येक तुकडा डोळ्यांखालून घालावा.

शेजारच्या अटी

पूर्ण-मजकुराच्या अटीबरोबर ‘अँड’ने दुसरी अट जोडली तर इंडेक्स वापरण्यास आडकाठी येत नाही. ‘वर्ष’ या कॉलमवर वेगळा इंडेक्स असेल तर पोस्टग्रेस दोन्हींच्या पत्त्यांचा छेद काढू शकतो. दोन्ही अटी नेहमी जोडीनेच येत असतील तर ‘बीट्री_जिन’ हा विस्तार घेऊन एकाच जिन इंडेक्समध्ये दोन्ही कॉलम ठेवता येतात.

‘ऑर’चे तसे नाही. ‘शोध @@ … ऑर वर्ष = १९६५’ या अटीत वर्षावर इंडेक्स नसेल तर त्या अर्ध्या भागासाठी सगळे टेबल वाचणे अटळ आहे, आणि सगळे वाचायचेच असेल तर शोधाचा इंडेक्स वापरून काय मिळवायचे? ‘ऑर’च्या दोन बाजू दोन वेगळ्या टेबलांवर असतील, उदाहरणार्थ लेखात शब्द असावा किंवा ‘लेखक’ टेबलातील परिचयात असावा, तर दोन्हीकडे इंडेक्स असूनही ते वापरले जात नाहीत, कारण जोडणी केल्याशिवाय कोणती ओळ वगळायची हे एका टेबलावरून ठरत नाही. अशा क्वेरीचे दोन भाग करून ते ‘युनियन’ने जोडावेत, प्रत्येक भागाला आपापला इंडेक्स मिळतो. संकेतस्थळावरील शोधपेटीमागे ही ‘ऑर’ची क्वेरी फार वेळा आढळते, आणि ती दुरुस्त केल्याने होणारा फरक इतर कोणत्याही बारकाव्यापेक्षा मोठा असतो, असे माझे मत आहे.

इंडेक्स अंशतः केला असेल, म्हणजे त्याच्या व्याख्येत ‘व्हेअर स्थिती = 'प्रकाशित'’ असे लिहिले असेल, तर क्वेरीतही ती अट स्पष्टपणे लिहावी लागते. ॲप्लिकेशन प्रकाशित लेखांखेरीज काहीच दाखवत नाही, हे प्लॅनरला ठाऊक नसते.

ओळीनिहाय सुरक्षा (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) लावलेल्या टेबलावरील अडचण कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. वापरकर्त्याने घातलेल्या अटीतून लपवलेल्या ओळींची माहिती झिरपू नये म्हणून पोस्टग्रेस सुरक्षेची अट आधी तपासतो, आणि ज्या फंक्शनांना ‘लीकप्रूफ’ हा शिक्का नाही ती त्यानंतरच चालवतो. ‘@@’ मागील फंक्शनाला हा शिक्का नाही. परिणामी जिन इंडेक्स हजर असूनही त्याचा वापर होत नाही. शिवाय टेबलाचा मालक आणि सुपरयूझर यांना ही सुरक्षा लागू होत नसल्यामुळे प्रशासकाने ‘एक्स्प्लेन’ चालवले की आराखडा निर्दोष दिसतो. म्हणून तपासणी ‘सेट रोल’ने ॲप्लिकेशनच्या भूमिकेत शिरूनच करावी. शोध ‘सिक्युरिटी डिफायनर’ (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फंक्शनात ठेवून त्यातच परवानगीची अट स्वतः लिहिणे हा त्यावरील एक मार्ग आहे. त्या फंक्शनाची जबाबदारी मग सर्वस्वी आपली असते.

क्रम आणि मर्यादा

जिन इंडेक्समधून ओळी कोणत्याही क्रमाने मिळत नाहीत, आणि गुणही मिळत नाहीत. ‘ऑर्डर बाय टीएस_रँक(…) डीईएससी लिमिट १०’ असे लिहिले तर दहाच ओळी हव्या असूनही जुळलेली प्रत्येक ओळ वाचून तिला गुण द्यावे लागतात. शब्द विरळ असेल तर हे जाणवत नाही. ‘महाराष्ट्र’सारखा सर्वत्र येणारा शब्द असेल तर इंडेक्स असूनही क्वेरी रेंगाळते. आतल्या क्वेरीत आधी वर्षाची किंवा अन्य एखादी अट लावून ओळी कमी कराव्यात आणि मग गुण द्यावेत.

‘ऑर्डर बाय वर्ष डीईएससी लिमिट २०’ याची गोष्ट वेगळी आहे. येथे प्लॅनरपुढे दोन मार्ग असतात: जिनमधून सगळे जुळलेले लेख घेऊन वर्षाप्रमाणे लावणे, किंवा वर्षाच्या इंडेक्सवरून नव्याकडून जुन्याकडे येत प्रत्येक लेखात शब्द आहे का हे पाहत वीस झाले की थांबणे. शब्द सर्वत्र असेल तर दुसरा मार्ग झटपट संपतो. शब्द विरळ असेल आणि प्लॅनरला तो विरळ आहे हे कळले नसेल, तर वीस लेख मिळेपर्यंत जवळजवळ सगळे टेबल चालून जावे लागते. अशा वेळी आधी ‘ॲनालाइझ’ चालवावे, विशेषतः राशीवरील नवा इंडेक्स केल्यावर, कारण त्या राशीची आकडेवारी तोवर गोळाच झालेली नसते. तेवढ्याने भागले नाही तर शोधाचा भाग ‘विथ … ॲझ मटेरियलाइझ्ड’मध्ये बंद करून त्याबाहेर क्रम लावावा.

आराखड्यात इंडेक्स अजिबात दिसतच नसेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. टेबलात मोजक्याच ओळी असतील तर सरसकट वाचन खरोखरच स्वस्त असते, म्हणून चाचणी नेहमी खऱ्या आकाराच्या माहितीवर करावी. आणि ‘क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली’ (टेबल वापरात असतानाच इंडेक्स करणारी आज्ञा) मध्येच फसले असेल तर अवैध इंडेक्स मागे उरतो. त्याचे नाव यादीत दिसते, अद्ययावत करण्याचा भार चालू राहतो, पण प्लॅनर त्याला हात लावत नाही. तो काढून नव्याने करावा.

इंडेक्स वापरला जाऊनही वेळ कमी-जास्त होत असेल तर प्रलंबित यादीकडे पाहावे: जिन नव्या नोंदी आधी एका वेगळ्या यादीत टाकतो, तिची मर्यादा मुळात ४ एमबी असते, आणि प्रत्येक शोधात ती यादी सरळ वाचावी लागते. ‘व्हॅक्यूम’ या साफसफाईच्या आज्ञेने ती रिकामी होते.

माय-एसक्यूएल

माय-एसक्यूएलमध्ये इनोडीबी या साठवणीच्या इंजिनाला पूर्ण-मजकूर इंडेक्स ५.६ या आवृत्तीपासून मिळाला. तेथे ‘मॅच(शीर्षक, मजकूर) अगेन्स्ट('पाऊस')’ असे लिहावे लागते, आणि ‘मॅच’मधील कॉलमांची यादी इंडेक्समधील यादीशी पूर्ण जुळावी लागते. दोन कॉलमांवर एकत्र इंडेक्स असताना एकट्या शीर्षकात शोध घेता येत नाही. त्यासाठी शीर्षकाचा वेगळा इंडेक्स हवा. मात्र येथे पोस्टग्रेससारखा मौनाचा प्रकार नाही: जुळणारा इंडेक्स नसेल तर इनोडीबी त्रुटी देऊन थांबते, आणि मला हे वर्तन अधिक सोयीचे वाटते. ‘अगेन्स्ट’मधील शब्द संपूर्ण क्वेरीभर स्थिर असावे लागतात, म्हणून दुसऱ्या टेबलातील कॉलम तेथे देता येत नाही. ‘लाइक '%…%'’ला हा इंडेक्स तेथेही मिळत नाही.

शब्दाची किमान लांबी इनोडीबीत मुळात ३ असते. त्याहून लहान शब्द इंडेक्समध्ये शिरतच नाहीत, आणि ही मर्यादा बदलली तर सर्व्हर पुन्हा सुरू करून इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. इनोडीबीचा पूर्ण-मजकूर शोध फक्त कमिट झालेल्या, म्हणजे कायम केलेल्या, नोंदी पाहतो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये लेख घालून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो शोधला तर सापडत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर सगळे रोलबॅक (रद्द) करणारे टेस्ट येथे नेहमी अपयशी ठरतात, आणि तेवढ्या टेस्टपुरते प्रत्यक्ष कमिट करून नंतर टेबल रिकामे करणे भाग पडते.